टेकडीवरचे चॅपेल आणि चार मोकळे दिवस

विवाहाचा बंदोबस्त करून देणे हा माझा व्यवसाय आहे, असे मी जुन्या पिढीच्या माणसांना सांगतो तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो फारसा आदराचा नसतो. कारण लग्न हे घरच्यांनी, भाऊबंदांनी आणि आळीतल्या चार कर्त्या माणसांनी पार पाडावयाचे कार्य असून त्यासाठी मेहनताना घेणारा मुखत्यार नेमावा, ही कल्पनाच त्यांना किंचित अमंगळ वाटते. मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. परंतु ज्यांना आपल्या आळीत किंवा गावात लग्न करावयाचे नसून, जेथे आपले म्हणावे असे एकही घर नाही अशा दूरच्या भूमीत ते व्हावे असे वाटते, त्यांना आळी कोठून तरी पैदा करून द्यावी लागते, आणि फोंड्याला राहून गोव्यात हाच उद्योग मी करीत आलो आहे. त्यातला पुष्कळसा भाग समुद्रकाठच्या हॉटेलांत जातो, आणि त्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. तेथे पैसा मोजला की हिरवळ मिळते, आणखी मोजला की हिरवळीवर मांडव मिळतो, आणि पाहुण्यांची सरबराई ठरलेल्या दराने होते. लिहावेसे वाटते ते चॅपेलमधल्या लग्नांविषयी, कारण तेथे हा सरळ हिशेब चालत नाही.

मागणी बहुधा छायाचित्राच्या रूपाने येते. डोंगरमाथ्यावर चुन्याने शुभ्र केलेली एक लहानशी दर्शनी भिंत, तिच्यावर क्रूस, मागे काजूची आणि आंब्याची गर्द झाडी, खाली नदीचे वळण, आणि माणसाचा मागमूस नाही: असे चित्र पाठवून ‘हेच हवे’ एवढेच कळविलेले असते. चित्र खोटे नसते. जुन्या गोव्यातल्या मोंत टेकडीवरील चॅपेलच्या पायऱ्यांवर उभे राहिले की झाडांच्या शेंड्यांतून कॅथेड्रलचा मनोरा, पलीकडे मांडवी आणि दिवाडीचे बेट दिसते, आणि हे स्थान इतके मोक्याचे आहे की मे १५१० मध्ये आल्बुकेर्कविरुद्ध आदिलशाही तोफा येथेच रोखल्या गेल्या होत्या असे तेथला शिलालेख सांगतो. कासावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवरील चॅपेलपासून सगळा अरबी समुद्र पायाशी पसरलेला दिसतो. मात्र छायाचित्र काढणारा माणूस ज्या घटकेला तेथे गेला त्या घटकेला तेथे कोणी नव्हते, एवढ्यावरून ते स्थळ कोणाचे नाही असा जो निष्कर्ष पाहणारा काढतो, तो मोडून काढण्यातच माझ्या कामाचा पहिला महिना जातो. कुएलीला दर सहा जानेवारीला तीन राजांचे फेस्त भरते, तीन गावांतले तीन मुलगे राजवस्त्रे लेवून घोड्यांवरून तीन वाटांनी टेकडी चढतात, आणि त्या दिवसाची तयारी गाव कितीतरी आधीपासून करीत असते. एका हौशी वरपक्षाने मला नेमकी तीच तारीख त्याच टेकडीसाठी मागितली होती. घोडे आयतेच मिळतील, असेही वर सुचविले होते.

अशा प्रत्येक चॅपेलला एक पॅरिश असते, पॅरिशला विगार असतो, मालमत्तेचा कारभार पाहणारी फाब्रिका असते, किल्ली सांभाळणारा आणि घंटा वाजविणारा शांक्रिस्तांव असतो, आणि या सर्वांच्या मागे ते गाव असते. चर्चच्या कायद्याप्रमाणे कॅथलिकाचा विवाह हा मुळात पॅरिशच्या चर्चमध्ये व्हावयाचा. दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये किंवा चॅपेलमध्ये तो करावयाचा तर बिशपची किंवा विगाराची परवानगी लागते. म्हणजे निसर्गरम्य चॅपेलमध्ये लग्न ही हक्काची गोष्ट नसून सवलत आहे, आणि सवलत मागणाऱ्याने कोणत्या नम्रतेने मागावे हे ज्याला कळत नाही त्याच्यासाठी हे काम नव्हे. मी पाहिलेले विगार बहुतेक सहृदय होते. पण समोरच्याला देऊळ हवे आहे की देखावा, हे त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळते, आणि देखावाच हवा असेल तर त्यांची रोजनिशी एकाएकी फार भरगच्च होऊन जाते.

एकच लग्न थोडे विस्ताराने सांगतो. वधूचे मूळ घराणे बार्देशातले, पण ती जन्मली आणि वाढली पुण्याच्या कॅम्पात. वर कोथरूडचा, घरात आजी, देवघर आणि पंचांग तिन्ही शाबूत असलेला. त्या दोघांनी तिसवाडीतल्या एका टेकडीवरचे लहान चॅपेल कधीतरी भटकंतीत पाहिले होते, आणि लग्न तेथेच, तेही १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, प्रेमिकांच्या दिवशी, असा त्यांचा संकल्प होता. कॅलेंडर उघडून मी त्यांना दाखविले की त्या वर्षी नेमका त्याच तारखेला राखेचा बुधवार येत आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा तो आरंभ, कपाळावर राखेचा क्रूस घेण्याचा आणि मांस वर्ज्य करण्याचा दिवस. त्या दिवशी विवाह लावा असे विगाराला म्हणणे म्हणजे सर्वपित्री अमावास्येला गुरुजींकडे मुंजीचा मुहूर्त मागण्यासारखे झाले असते. गोव्यात तो सगळाच काळ लग्नाविना जातो, नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचे चार आठवडेही तसेच. तेव्हा तारीख अलीकडे आणणे प्राप्त होते, आणि मग आजी पुढे आल्या.

आजींचा विरोध चॅपेलला नव्हता. नातसून त्यांना मनापासून आवडली होती, आणि देव कुठलाही असो, लग्न देवासमोर लागते आहे हे त्यांना पुरेसे होते. पण पौषात लग्न त्यांच्या घराण्यात कधी झाले नव्हते आणि आपल्या डोळ्यांदेखत ते व्हावे ही त्यांची इच्छा नव्हती. पौषाची अमावास्या पडत होती ९ फेब्रुवारीला. आता चातुर्मासात हिंदू घरात लग्न नाही आणि गोव्याच्या पावसात त्या टेकडीवर पाऊल टाकवत नाही, या एका बाबतीत धर्म आणि निसर्ग यांचे एकमत आहे; तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तोच ख्रिस्ती आगमनकाळ लागतो; तो नाताळला संपतो तेव्हा इकडे धनुर्मास चालू असतो आणि संक्रांत उजाडावी लागते; संक्रांतीनंतर मोकळीक मिळावी तर त्या वर्षी पौषाने अडविले, आणि पौष संपतो न संपतो तोच राखेचा बुधवार उभा. ईस्टरनंतरचा एप्रिल-मे उरतो, पण त्या महिन्यांत जांभ्या दगडाची ती टेकडी अशी तापते की रेशमी वस्त्रांतल्या पाहुण्यांना तेथे तासभर बसविणे हा अत्याचार होईल. दोन्ही पंचांगे शेजारी ठेवून मी हिशेब केला तेव्हा १० ते १३ फेब्रुवारी असे चार दिवस मोकळे निघाले.

आणि ते चार दिवस म्हणजे गोव्याचे कार्निव्हल! उपवासकाळ लागण्यापूर्वीचे जे चार दिवस गोवा मनमुराद उधळतो तेच दोन्ही धर्मांनी आम्हांला काढून दिले होते. किंग मोमोची मिरवणूक शिरस्त्याप्रमाणे शनिवारी पणजीत, रविवारी मडगावात, सोमवारी वास्कोत आणि मंगळवारी म्हापशात; त्या त्या दिवशी त्या त्या शहराचे रस्ते बंद, हॉटेलांचे दर चढलेले, वादक आधीच बांधले गेलेले. मंगळवारी गणेशजयंती पडत असल्यामुळे वराच्या घरी पूजा होती. राहता राहिला सोमवार, १२ तारीख. वास्कोत मिरवणूक म्हणजे दाभोळी विमानतळाच्या वाटेवर खोळंबा, म्हणून त्या दिवशी उतरणारे पाहुणे सगळे मोपाच्या विमानांवर बसविले, म्हाताऱ्यांना रविवारीच आणले, आणि बँडच्या ऐवजी गावातल्याच व्हायोलिनवाल्याची तजवीज केली. नवा विमानतळ झाला नसता तर हे लग्न त्या वर्षी झाले असते की नाही, याची मला शंका आहे.

कागदपत्रांचे प्रकरण मी लांबवीत नाही, कारण त्याचा कंटाळा वाचकाला माझ्याहून लवकर येईल. वधूचा बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला, तिच्या पुण्याच्या पॅरिशचे संमतिपत्र, वर अख्रिस्ती असल्यामुळे बिशपची खास मोकळीक, विवाहपूर्व वर्गांना दोघे बसल्याचे प्रमाणपत्र, आणि पुण्यात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावून केलेली नोंदणी, एवढ्या दस्तऐवजांची एक फाईल झाली. गोव्यातल्या रहिवाशांचा मार्ग याहून वेगळा. पोर्तुगीज अमदानीतला दिवाणी कायदा तेथे अजून चालू असल्यामुळे वधूवर आधी नोंदणी कचेरीत जाऊन इरादा जाहीर करतात, मुदतीत कोणाची हरकत आली नाही तर दाखला मिळतो, आणि तो हाती पडल्याखेरीज पाद्री विवाह लावीत नाही. बाहेरून येणाऱ्यांना हे कोणी सांगितलेले नसते, आणि फुलांच्या रंगावर चार महिने खल करून झाल्यावर, लग्नाला तीन आठवडे उरले असताना, दाखले म्हणजे काय असे विचारणारी जोडपी मी पाहिली आहेत.

खरी अडचण कागदांची नव्हती, वचनाची होती. वराच्या वडिलांचा विचार असा की सकाळी फोंड्याला एखाद्या कार्यालयात अंतरपाट, सप्तपदी सगळे व्हावे आणि संध्याकाळी चॅपेलमधला विधी. विगार शांतपणे म्हणाले की विवाहाची संमती एकदाच उच्चारावयाची असते, एकदा एका वेदीसमोर आणि पुन्हा दुसऱ्या अग्नीसमोर ती उच्चारणे चर्चच्या कायद्याला मान्य नाही. घरी जाऊन देवांच्या पाया पडायला, पूजा करायला त्यांची मना नव्हती. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला त्यांच्या त्यांच्या जागी रास्त वाटत होते आणि मध्ये मी उभा होतो. या कोंडीतून वाट काढली ती आजींनीच. लग्न चॅपेलमध्येच लागू दे, त्या म्हणाल्या, पण गोरज मुहूर्तावर लागू दे. मी भीत भीत विगारांना विचारले. त्यांनी गोरज म्हणजे नेमके किती वाजता एवढेच विचारून घेतले आणि म्हणाले, “वेळेला आमची हरकत नाही. वचन मात्र एकदाच.” सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होता, विधी साडेपाचला सुरू करून वाचने, प्रवचन आणि प्रार्थना यांची सांगड अशी घातली गेली की वधूवरांची संमती दिवस मावळण्याच्या संधीत यावी. मोठा लाभ छायाचित्रकाराचा झाला, पण त्याला मी हे सांगितले नाही, नाहीतर त्याने सगळे श्रेय आपल्या सूर्याला दिले असते.

संध्याकाळची वेळ ठरली आणि त्याबरोबर टेकडीने आपल्या अटी पुढे केल्या. निसर्गाच्या सान्निध्यात लग्न हवे असे म्हणणाऱ्यांच्या मनात निसर्ग म्हणजे डोळ्यांना दिसणारी हिरवाई एवढाच असतो. त्या निसर्गात वारा, धूळ, कीटक आणि काळोख हेही वास्तव्य करून आहेत, याची जाणीव शांक्रिस्तांवासारखा माणूस करून देतो. साठी उलटलेला, वर्षानुवर्षे त्या टेकडीवर चढउतार केल्याने पोटऱ्या लाकडासारख्या झालेला हा मनुष्य मला दर्शनी भिंतीपाशी घेऊन गेला आणि त्याने घंटेच्या कमानीखाली बोट दाखविले. तेथे आग्या मोहोळ लटकत होते, सुपाएवढे, काळसर, आणि जवळून पाहिले तर त्याच्या पृष्ठभागावरून मधूनमधून एक लाट सरकत जाई, जणू एखाद्या जनावराच्या कातडीवर शहारा यावा. रात्री भिंतीवर मोठा दिवा टाकलात तर सगळ्या माश्या दिव्यावर येतील, त्याने सांगितले. फटाके नकोत, ड्रोन नको, भिंतीवर झोत नको. मोहोळ काढून टाकू का, असे सजावटकाराने विचारले तेव्हा तो हसला आणि कोकणीत म्हणाला की तीं आमच्याआधी आयल्यांत. एवढ्या एका वाक्याने प्रकाशयोजनेचा जो आराखडा मुंबईहून मागविला होता तो बाद झाला. आत मेणबत्त्या, बाहेर पायऱ्यांच्या कडेने गुडघ्याइतक्या उंचीवर बॅटरीचे मंद दिवे, आणि उतरताना प्रत्येक चौथ्या पाहुण्याच्या हाती कंदील, अशी व्यवस्था झाली. ती मूळच्या आराखड्यापेक्षा चांगली होती, हे माझे मत आहे, सजावटकाराचे नाही.

भिंतींचेही तसेच. पावसाळ्यानंतर दरवर्षी दिलेल्या चुन्याच्या थरांनी ती भिंत फुगलेली असते. चिकटपट्टी लावली तर ती काढताना तळहाताएवढा पोपडा सोबत येतो, आणि खिळ्याचे तर नावच नको. म्हणून फुले भिंतीवर न जाता बाकांच्या टोकांना सुतळीने बांधली गेली, आणि वेदीवरची फुले गावातल्या बायकांनी रचली, कारण ती त्यांचीच वहिवाट. जांभ्याची तांबडी माती शुभ्र झग्याच्या घोळावर अशी बसते की ती धोब्यालाही निघत नाही. मोटार थांबते तेथपासून दारापर्यंत पायघड्या घालण्याची आपल्याकडची जुनी चाल येथे नुसती शोभेची न राहता गरजेची ठरली. खाली माडांच्या बागेत जेवणाची मांडणी होती, तेथे आदल्या दिवशी पाडेली चढवून तयार नारळ आणि वाळक्या झावळ्या उतरवून घेतल्या. हा खर्च अंदाजपत्रकात पाहून वराच्या वडिलांनी भुवई उंचावली होती. झाडाखाली टेबलांच्या शेजारी रचून ठेवलेला नारळांचा ढीग त्यांना दाखविल्यावर त्यांनी त्या रकमेविषयी पुन्हा विचारले नाही.

आदल्या संध्याकाळी वधूकडे रोस झाला. नारळाचे दूध काढून ते वधूच्या मस्तकावर, हातापायांवर चोळताना वडीलधाऱ्या बायका गाणी म्हणतात. आजींनी खुर्ची पुढे ओढून घेतली, सगळे पाहिले, आणि हळद कुठे आहे असे विचारले. नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या पिशवीतली पुडी काढली. वधूच्या आईने एक क्षण विचार केला आणि पुडीतली चिमूट दुधात टाकली. याला विगारांची परवानगी घ्यावी असे कोणाला सुचले नाही, आणि मीही सुचविले नाही.

प्रत्यक्ष विधीविषयी काय लिहावे? बेत ठीक जमला की बंदोबस्त करणाऱ्याला सांगण्यासारखे काही उरत नाही. वारा दक्षिणेकडून आला, म्हणून डावीकडच्या मेणबत्त्या दोनदा विझल्या. वधूच्या प्रवेशाला चित्रपटातले गाणे हवे होते ते गायकवृंदाच्या प्रमुखाने आधीच नाकारले होते आणि त्याऐवजी व्हायोलिनवर एक जुने स्तोत्र वाजले. संमतीच्या वेळी आजी घड्याळाकडे पाहत होत्या. सहा वाजून एकवीस मिनिटांनी त्यांनी मुठीतल्या अक्षता, विगारांचे लक्ष नाही असे पाहून, बसल्या जागेवरून नातवाच्या दिशेने टाकल्या. विगारांचे लक्ष होते. ते काही बोलले नाहीत.

रात्री जेवणे झाली, दहाच्या ठोक्याला कायद्याप्रमाणे ध्वनिवर्धक बंद झाला, आणि मग वधूच्या मामांनी शीम काढण्याचा आग्रह धरला. गोव्यात वरपक्षाला निरोप देताना वधूकडचे लोक त्यांच्याबरोबर गावाच्या वेशीपर्यंत जातात, भुईवर रेघ ओढून तिच्यावर फेणी ओततात, आणि ती ओलांडून वरपक्ष आपल्या वाटेने जातो. येथे दोन्ही पक्ष पुण्याचे, दोघेही एकाच हॉटेलात उतरलेले. वेस आणावी कोठून? मामांनी हॉटेलचे फाटक हीच वेस ठरविली, रखवालदाराला बाजूला सारले आणि सिमेंटवर काजूच्या फेणीने रेघ ओढली. वऱ्हाड बाहेर जाऊन, पाच मिनिटे रस्त्यावर उभे राहून, त्याच फाटकातून आपापल्या खोल्यांत परतले.

या सगळ्यात चॅपेलला द्यावी लागलेली देणगी ही एकूण खर्चातली सर्वांत लहान रकमांपैकी एक होती, आणि वेळ मात्र सर्वांत अधिक त्याच बाबतीत गेला. हॉटेलच्या बाबतीत नेमके उलट. लोक पैशाच्या प्रमाणात लक्ष देतात, म्हणून बयाणा पहिल्यांदा हॉटेलला जातो, मग छायाचित्रकाराला, आणि विगाराकडे जायला सवड होते तेव्हा तारीख छापून झालेली असते. ज्यांना अशा टेकडीवर लग्न करावयाचे आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे की पहिले पत्र त्या पॅरिशच्या विगारांना लिहावे, शक्य तर स्वतः जाऊन त्यांना भेटावे. घरात आजी असतील तर पंचांग त्यांच्यासमोर उघडावे. शांक्रिस्तांवाबरोबर एक संध्याकाळ ती टेकडी चालून पाहावी. आणि हॉटेलचा बयाणा त्यानंतर द्यावा.